मागणं रिकामं असेल तर

रुपाली परबला लाज वाटायला फार मोठं कारण लागत नसे. दूधवाल्याने सहज "काय वैनी, आज उशीर?" असं विचारलं, तरी ती दिवसभर ओशाळलेली असायची. त्यात चाळिशीला टेकल्यावर वेबसाइट बनवायला शिकायचं, म्हणजे तर तिने लाजेला घरी जेवायलाच बोलावलं होतं.

दादरला एका संस्थेने बायकांसाठी हा फुकट वर्ग काढला होता. नवरा हितेंद्र म्हणाला, "जा ना, घरात बसून काय करणारेस?" घरात बसून ती काय करते, हे त्याला चांगलं ठाऊक होतं. त्याची आई गंगुबाई कमरेचं हाड मोडल्यापासून खाटेवर होती. तिचं अंग पुसणं, भरवणं, कूस बदलणं, चादरी धुणं, सगळं रुपालीच्या अंगावर होतं. तरी तो "जा" म्हणाला आणि वर्गाच्या दिवशी कामावर उशिरा जायला लागला, एवढं त्याचं श्रेय त्याला द्यायलाच हवं.

वर्गातल्या बाकीच्या मुली नुकत्याच बारावी झालेल्या. शिकवणारी मनवा शिवाजी पार्कला राहायची आणि रुपालीहून निम्म्या वयाची असेल, पण रुपाली तिला मॅडम म्हणायची. मनवाने सांगितलं होतं, प्रत्येकीने आपल्या उपयोगाचं एक छोटं पान बनवायचं. कुणी पार्लरचं घेतलं, कुणी केकचं. रुपालीने चाळीच्या गणपतीचं गाऱ्हाणं घेतलं.

त्यालाही कारण होतं. काळाचौकीची त्यांची सावंत चाळ गिरण्यांच्या काळापासून मालवणकडच्या लोकांनी भरलेली. गणपती बसला की पहिल्या आरतीनंतर जयवंतकाका देवापुढे उभे राहून गाऱ्हाणं घालायचे. एकेका घराचं नाव घ्यायचं, त्या घराचं मागणं देवाच्या कानावर घालायचं, आणि जमलेल्या सगळ्यांनी "व्हय महाराजा!" म्हणून त्याला साथ द्यायची. गेल्या वर्षी काका एक घर विसरले. ते घर विसर्जनापर्यंत आरतीला फिरकलं नाही. काकांनी ते फार मनाला लावून घेतलं, यंदा गाऱ्हाणं घालणारच नाही म्हणाले. तेव्हा रुपालीच्या तोंडून निघून गेलं, "मी करते काहीतरी." प्रत्येक घराने मोबाइलवरून आपलं नाव आणि मागणं भरायचं, मंडपातल्या टीव्हीवर आख्खं गाऱ्हाणं मोठ्या अक्षरांत दिसेल, काकांनी नुसतं वाचायचं. चाळीने मान डोलावली. म्हणजे आता माघार नाही.

तिने घरोघरची नावं घेतली, काकांचं गाऱ्हाणं उतरवून घेतलं आणि टाइप करायला बसली. एका घरासाठी लिहिलं, उचलून दुसऱ्या घरासाठी चिकटवलं, नाव बदललं. मग तिसऱ्या. असं करत करत आख्खी चाळ संपवली. वर्गात मनवा ते बघायला लागली. पान खाली सरकवतेय, सरकवतेय, संपेचना. मागे मुली खुसखुसल्या.

"ताई, हे सगळं तेच तेच आहे ना?" मनवाने विचारलं.

"नाय मॅडम, प्रत्येक घर वेगळं आहे."

आता मुली खदखदून हसल्या. रुपालीचे कान तापले. इतकं साधं काहीतरी सगळ्यांना दिसतंय आणि आपल्यालाच दिसत नाही, याची तिला मनस्वी लाज वाटली. उठून घरी जावं आणि पुन्हा येऊ नये, असं मनात आलं.

मनवा मात्र हसली नाही. "फंक्शन म्हणजे काय सांगू का ताई? काम कसं करायचं ते एकदाच लिहून ठेवायचं, त्याला नाव द्यायचं. मग हवं तेव्हा नावाने बोलवायचं. जे बदलतं तेवढं त्याच्या हातात द्यायचं. बाकीचं ते करतं आणि तयार झालेलं आपल्याला परत देतं."

रुपालीने पान पुन्हा वर सरकवलं. काका घरागणिक नवीन गाऱ्हाणं थोडंच पाठ करतात? साचा एकच. नाव आणि मागणं, दोनच गोष्टी बदलतात.

"म्हणजे मॅडम, जयवंतकाका फंक्शन आहेत!"

पुन्हा हशा पिकला, पण हा हशा तिला लागला नाही. त्या दिवशी दादरच्या फुलबाजारातून जाताना तिने उगाच एक वेणी घेतली आणि घरी आल्यावर माळायची लाज वाटून देव्हाऱ्यात घातली.

फंक्शनने तिचा छळ कमी केला असं नाही. पहिल्यांदा तिने सगळं नीट लिहिलं आणि परत द्यायचंच विसरली. गाऱ्हाणं आत तयार होत होतं आणि आतच राहत होतं. मग फंक्शन झकास झालं, पण बोलवायचं राहिलं. असं पडत-धडपडत एकदाचं पान उभं राहिलं. नाव घाला, मागणं घाला, बटण दाबा, की पडद्यावर काका बोलायला लागायचे: 'बा गणपती महाराजा, आज तुझ्या पायाकडे अमुक अमुक ह्यांचा कुटुंब उभा आसा. तेंचा मागणा काय ता आयक रे महाराजा…' मग मागणं, आणि शेवटी, 'जा काय मागल्यानी ता पुरा कर रे महाराजा!'

मनवाने पाहिलं, शाबासकी दिली आणि एकच गोष्ट सुचवली. "ताई, कुणी मागणं लिहिलंच नाही तर? मधे भोक पडेल. मागणं रिकामं असेल तर आपल्याकडचं एखादं घाल, असं फंक्शनला सांगून ठेवा."

ते सांगून ठेवायला रुपाली एका दुपारी बसली. गंगुबाईची चादर तिने नुकतीच बदलली होती. संस्थेने घरी दिलेला लॅपटॉप उघडून अर्धी ओळ लिहिते न लिहिते तोच खाटेवरून हाक आली, "रुपाली गो, परत झाला." पुन्हा उठली. पुन्हा अंग पुसलं, चादर काढली, घातली. म्हातारीला उचलताना स्वतःच्या कमरेत कळ आली. जेवण भरवायला घेतलं तर म्हातारीने दोन घासांत तोंड फिरवलं आणि ताटलीवर हात मारला. भात जमिनीवर. रुपालीने तो पुसला, बालदी गॅलरीत नेली, चादर पिळून वाळत घातली, आणि हाताला डेटॉलचा वास येत असतानाच पुन्हा लॅपटॉपसमोर बसली. तिथे पडद्यावर ती अर्धी ओळ तशीच थांबलेली होती. मागणं रिकामं असेल तर काय घालायचं?

तिने लिहिलं, 'सासूबाईंना आता सोडव, आणि मलाही सोडव.'

लिहिलं आणि दचकली. पण पुसलं नाही. खरं सांगायचं तर ते वाक्य समोर दिसल्यावर तिला हलकं वाटलं. इतके महिने ते पोटात होतं, कुणाला सांगायची सोय नव्हती. नवऱ्याला तर नाहीच. थोडा वेळ राहू दे, मग काढून 'सगळ्यांना सुखी ठेव' घालू, असं तिने ठरवलं. तेवढ्यात म्हातारीने पाणी मागितलं, पाण्यानंतर चहा, आणि ती ओळ मनातून निसटली. पुढे तपासताना तिने दर वेळी नाव आणि मागणं दोन्ही भरूनच बघितलं. सावंत चाळीतलं एखादं घर देवाकडे काही मागणार नाही, हे तिच्या ध्यानीमनीही आलं नाही.

गणपती बसले. मंडप चाळीच्या चौकातच, त्यामुळे गॅलऱ्याही माणसांनी भरलेल्या. टीव्हीला लॅपटॉप जोडलेला, लॅपटॉपपाशी रुपाली नवी साडी नेसून. काकांनी चष्मा पुसला, माइक हातात घेतला आणि सुरू केलं. हेरंबला नोकरी लागू दे. व्हय महाराजा! तिसऱ्या मजल्यावर पाणी चढू दे. व्हय महाराजा! एका घराने 'शेजाऱ्यांना सुबुद्धी दे' असं मागितलं होतं. त्या घराच्या दोन्ही बाजूंचे शेजारी एकमेकांकडे बघायला लागले. माणसं हसत होती, काका रंगात आले होते. कुणीतरी मागून रुपालीच्या पाठीवर थाप मारली. जन्मात पहिल्यांदा चाळीत तिचं कौतुक होत होतं आणि तिला लाज वाटत नव्हती.

मग लतिका घाडीचं घर आलं. लतिका वरच्या मजल्यावरची, तिची सासू जाईबाई देवापुढे पहिल्या रांगेत हात जोडून उभी. काका आपल्या ठेक्यात वाचत गेले: "आज तुझ्या पायाकडे लतिका घाडी ह्यांचा कुटुंब उभा आसा. तेंचा मागणा काय ता आयक रे महाराजा: सासूबाईंना आता सोडव, आणि मलाही सोडव. जा काय मागल्यानी ता पुरा कर रे महाराजा!"

"व्हय महाराजा!" आख्खी चाळ ओरडली. सवयीने ओरडली. त्यात जाईबाईचाही आवाज होता.

मग आपण कशाला होकार दिला, ते एकेकाच्या डोक्यात शिरायला लागलं. कुणीतरी फिसकन हसलं. जाईबाईचे हात जोडलेलेच राहिले. लतिका गर्दीतून पुढे आली. "मी असं काय लिहिलंच नाय! मागणं मी रिकामं ठेवलेलं! आईच म्हणाल्या, देवाला सगळं कळतं, मागायचं कशाला!"

सगळे रुपालीकडे वळले. "कॉम्प्युटरची चूक झाली," ती म्हणाली.

"कॉम्प्युटराक सासू आसता काय गो?" काका माइकवरच म्हणाले.

मोठा हशा झाला. काकांच्या मनात काही नव्हतं, त्यांना वातावरण हलकं करायचं होतं. पण त्या हशाने लतिकाचा निकाल लावून टाकला. कॉम्प्युटरला सासू नसते, लतिकाला आहे. रुपालीने तेव्हाच बोलायला हवं होतं. त्याऐवजी तिने मान खाली घालून ती ओळ शोधली, पुसली आणि तिथे 'सगळ्यांना सुखी ठेव' लिहिलं. काका पुढचं घर वाचायला लागले.

घरी आली तेव्हा गंगुबाई जागी होती. माइकचा आवाज खोलीत स्वच्छ यायचा.

"मगाशी कोणाचा नाव घेतल्यान जयवंतान?"

"लतिकाचं, आई."

"बरा," गंगुबाई म्हणाली. मोदकाचा एक घास खाऊन तिने भिंतीकडे तोंड केलं.

मोबाइलवर मनवाचा मेसेज येऊन पडला होता: 'ताई, कसं झालं? व्हिडिओ पाठवा ना, वर्गात सगळ्यांना दाखवू.' रुपालीने मोबाइल पालथा ठेवला. स्वतःची तिला शिसारी आली. पान बनवता येतं, फंक्शन लिहिता येतं, आणि चौकात उभं राहून एक वाक्य बोलता येत नाही.

सकाळी दूध घ्यायला गेली तर नळावर बातमी तयार होती. जाईबाई पिशवी भरून वडाळ्याला लेकीकडे निघाली होती. ऐन गणपतीत सासू घर सोडून जाते म्हटल्यावर बायकांना बोलायला काय कमी? "तोंडावर किती गोड, आणि देवापुढे बघा," एक म्हणाली. दुसरी म्हणाली, "मला तर आधीच वाटलेलं." रुपाली दूध तिथेच ठेवून जिना चढली. पायऱ्यांवर दोनदा थांबली. परत फिरावं असं दोन्ही वेळा वाटलं.

घाडींच्या दारात जाईबाई चपला शोधत होती. लतिका मोरीपाशी उभी, डोळे सुजलेले.

"काकी, ते लतिकाने नाय लिहिलं," रुपाली म्हणाली. "मी लिहिलं. मागणं रिकामं असेल तर ते घालायचं, असं मीच सांगून ठेवलेलं. माझ्या सासूसाठी लिहिलेलं ते. काढायचं राहिलं."

बोलून झाल्यावर वाटलं होतं तसं काही मोकळं वाटलं नाही. उलट आता ते वाक्य कायमचं तिचं झालं होतं. जाईबाई पिशवीवरच बसली. लतिका पुढे आली.

"काल तू समोर उभी होतीस, रुपाली. माझ्याकडे बघत होतीस. रात्रभर आई माझ्याशी एक शब्द बोलल्या नाहीत. आणि तू जेवलीस, झोपलीस?"

रुपाली जेवली होती. थोडी झोपलीही होती.

"गंगुक सांगलंस?" जाईबाईने विचारलं.

"नाय."

"मगे माका कित्याक सांगतंस? मी वडाळ्याक जाणा नाय आता, जा. तिका सांग आधी."

खाली येताना रुपालीने मनात वाक्यं जुळवली. 'आई, चुकून झालं.' चुकून कसं? बोटांनी लिहिलं होतं, मनाने लिहिलं होतं. 'आई, मी दमले होते.' हे खरं होतं, पण दमलेलं माणूस झोपतं, कुणाचं मरण मागत नाही. खोलीत आली तेव्हा हितेंद्र आरतीला गेला होता. गंगुबाई दाराकडे तोंड करून पडली होती. रुपाली खाटेशी जमिनीवर बसली आणि जुळवलेलं सगळं विसरून म्हणाली, "आई, कालचं ते माझं होतं."

"ठावक आसा माका."

"कुणी सांगितलं?"

"सांगूक कित्याक होया? जाई रोज लालबागच्या बाजारात जाता, भाजी निवडता, सगळ्यांशी भांडता. तिका सोडव म्हणून कोण कित्याक मागतला? सोडवण्यासारखी ह्या चाळीत मी एकटीच." म्हातारी थांबली. दम लागला होता. "दुपारी ताटलीर हात मारलंय, त्या दिवशीचा मा ता?"

रुपालीने होकारार्थी मान हलवली. तिला रडू फुटलं. तिने गंगुबाईच्या पायांवर डोकं टेकलं आणि "मला माफ करा" एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत राहिली. पाय थंड होते. काल संध्याकाळी त्यांना तेल लावायचं राहिलं होतं, हेही तिला तेव्हाच आठवलं.

"उठ," गंगुबाई म्हणाली. "रडान काय होवचा नाय. तू मागलंस ता दुसऱ्याच्या नावान गेला. देवाक तरी कसा कळतला कोणाचा ता?" तिने पांघरुणातून हात बाहेर काढले. ते तिला वर उचलवत नव्हते, तरी कसेबसे छातीवर आणून जोडले. डोळे मिटले आणि चिरक्या आवाजात तिने गाऱ्हाणं सुरू केलं, तसं बाईमाणसाने चाळीत कधी केलं नव्हतं. "बा गणपती महाराजा, ही गंगु तुझ्या पायाकडे आसा. चालूक येणा नाय, म्हणून हयसूनच सांगतंय. ह्या पोरीन माझा सगळा केल्यान. घाण काढल्यान, न्हाऊक घातल्यान. आता तिचे हात दुखतत आणि माझा आंग दुखता. तर माका सोडव आणि तिका पण सोडव रे महाराजा!"

आणि ती थांबली. बाहेर चौकात आरतीच्या झांजा वाजत होत्या.

"म्हण गो," गंगुबाई डोळे न उघडता म्हणाली.

रुपालीने तोंड उघडलं. तिला दिसत होतं की म्हातारी थट्टा करत नाही, टोचतही नाही. खरंच मागत होती, आणि तिच्या मागण्याला साथ द्यायला या खोलीत दुसरं कुणी नव्हतं. होकार दिला तर मरणाला होकार होता. नाही दिला तर म्हातारीचं मागणं अर्धवट राहणार होतं, आणि पुन्हा उद्या तेच अंग, तीच चादर, तीच कळ.

"म्हण. हात दुखतत माझे."

रुपालीला म्हणता आलं नाही. तिने न म्हटल्यामुळे गंगुबाईने थोड्या वेळाने हात खाली सोडले आणि डोळे उघडून तिच्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता, निराशा होती. आणि रुपालीला सगळ्यात जास्त लाज या गोष्टीची वाटली, की ते दोन शब्द तिच्या अगदी ओठांपर्यंत आले होते.